समासातली दुरुस्ती

आमच्या शहाडच्या घरात दाराआडच्या खुंटीला एक कापडी पिशवी टांगलेली असे. वडील २००९ साली गेले, तरी ती तिथेच राहिली. आईला ती हलवलेली चालत नसे. २०२३ च्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली म्हणून अखेर मी ती खाली काढली. आत वडिलांच्या दुखण्याचे सगळे कागद होते : केस पेपर, एक्स-रेची पाकिटं, औषधांच्या चिठ्ठ्या, दोन डिस्चार्ज कार्डं. वाळत घालण्यासाठी जमिनीवर पसरले आणि सवयीनं तारखेप्रमाणे लावले. एकूण एकोणीस कागद, १९९१ ते २००८.

सवयीनं म्हणालो, कारण गेली पंचवीस वर्षं मी जुने कागद वाचतो आहे. शिक्षण बारावीपर्यंत, नोकरी एका खासगी कंपनीच्या स्टोअरमध्ये. मोडी शिकलो ती रविवारच्या वर्गात आणि पुढे स्वतःची स्वतः. कल्याण परिसरातले जमिनीच्या तंट्यांचे, वतनांचे, वाटणीचे कागद हा माझा विषय. या कामातला पहिला धडा असा की कागद कधी एकटा वाचायचा नाही, त्याच्या आधीचा आणि नंतरचा शेजारी ठेवायचा. घरच्या कागदांना तो धडा मी कधी लावला नव्हता.

१९९१ च्या पहिल्या केस पेपरवर घाईच्या इंग्रजी अक्षरात 'खोकला, धाप', त्याखाली 'मिल वर्कर' आणि त्याखाली 'स्मोकर' असं लिहिलं आहे. 'स्मोकर'च्या आधी एक प्रश्नचिन्ह आहे. डॉक्टरांच्या लेखनात शब्दाआधीचं प्रश्नचिन्ह म्हणजे शंका : असू शकेल, विचारून घ्या. १९९४ च्या दुसऱ्या दवाखान्याच्या कागदावर 'स्मोकर' आहे, प्रश्नचिन्ह नाही. व्यवसायाच्या जागी 'वॉचमन' आहे. १९९९ च्या डिस्चार्ज कार्डावर 'वीस वर्षांपासून धूम्रपान' असं आहे आणि व्यवसायाची जागा कोरी आहे. २००८ च्या शेवटच्या कागदावर 'सीओपीडी, जुने धूम्रपान करणारे'. व्यवसाय पुन्हा कोरा.

माझ्या वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्यांनी आयुष्यात बिडी ओढली नाही. १९५८ पासून १९८२ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षं, ते परळच्या एका कापडगिरणीत कार्डिंग खात्यात होते. पहाटेची लोकल धरून जायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यांची नोकरी तिथेच संपली. त्यानंतर आमच्याच बाजूला एका इमारतीवर ते वॉचमन झाले. अठरा वर्षांच्या कागदांत चोवीस वर्षांची गिरणी एका ओळीपुरती आली आणि नाहीशी झाली. कधी न ओढलेली बिडी मात्र वाढत वाढत वीस वर्षांची झाली.

नकलेत शिरलेली चूक

पोथ्यांच्या अभ्यासकांना हा प्रकार नवा नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा देशभरातल्या हस्तलिखितांचे पाठ ओळीनं मांडून पाहिले गेले. नक्कल करणाराची एक चूक पुढच्या नकलेत शिरते, तिथून पुढच्या दहा नकलांत जाते, आणि मग 'दहा पोथ्यांत आहे' हाच तिचा पुरावा होऊन बसतो. म्हणून संपादक पोथ्या मोजत नाहीत. कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरली ते पाहतात.

रुग्णाच्या कागदांचंही असंच असतं. नवा डॉक्टर जुना कागद पाहून लिहितो. त्याच्यासमोर पन्नास माणसं रांगेत असतात, तेव्हा त्यात लबाडी नसते. पण माझ्या वडिलांच्या चार कागदांवरचं 'स्मोकर' हे चार साक्षीदारांचं मत नव्हतं. ती १९९१ च्या एकाच शंकेची तीन वेळा झालेली नक्कल होती.

कागदावरच्या चुकीशी आपण तसे सरावलेले असतो. महाराष्ट्रात एक जूनला जन्मलेली माणसं किती आहेत ते पाहा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीची तारीख टाकली आणि ती जन्मभर चिकटली. शहाडला लागून उल्हासनगरचे कॅम्प आहेत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं लष्कराच्या रिकाम्या छावणीत उतरली, आणि कारकुनाला जे ऐकू आलं ते कित्येकांचं नाव झालं. अशा चुकांवर माणसं हसतात आणि पुढे जातात. पण सगळ्याच चुका हसण्यावारी नेण्यासारख्या नसतात.

प्लेगच्या वर्षातले मृत्यू

मुंबईच्या वैद्यकीय नोंदींत चूक किती मोठी असू शकते, हे १८९६ च्या प्लेगनं दाखवलं. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. घरझडत्या, सक्तीनं इस्पितळात हलवणं, घरच्यांना छावणीत नेणं सुरू झालं. प्लेग हा शब्द कागदावर आला की घर उद्ध्वस्त होई. मग लोकांनी रुग्ण लपवले आणि मृत्यूचं कारण ताप, खोकला असं काहीबाही सांगितलं. शहरातले एकूण मृत्यू नेहमीपेक्षा जितके वाढले, त्या मानानं प्लेगच्या नावावर लिहिलेले मृत्यू फार कमी होते.

इथे चूक रुग्णाच्या बाजूनं झाली, पण ती अज्ञानातून नव्हती. खरं सांगितल्याची शिक्षा होते, हे कळल्यावर माणूस खोटं सांगतो. नोंद खरी हवी असेल तर सांगणाऱ्याला भीती वाटता कामा नये, ही साधी गोष्ट तेव्हाच्या सरकारला फार उशिरा उमगली.

परळशी जोडलेली दुसरी गोष्ट दुरुस्तीची आहे. वॉल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत तयार केली आणि पुढे परळच्या प्रयोगशाळेत ती मोठ्या प्रमाणावर बनू लागली. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी एकोणीस जण धनुर्वातानं मेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. चौकशीत दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांचं पद गेलं. खरं तर बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. ही गोष्ट चौकशीच्या कागदांत होती. फक्त तिचा अर्थ कुणी लावला नव्हता. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी ते कागद पुन्हा वाचून आवाज उठवला. २९ जुलै १९०७ च्या 'टाइम्स'मध्ये त्यांचं पत्र छापून आलं आणि हाफकिन यांच्यावरचा डाग पुसला गेला. १९२५ साली त्या प्रयोगशाळेला त्यांचंच नाव देण्यात आलं.

हाफकिन जगप्रसिद्ध होते, त्यांच्या बाजूनं नोबेल मिळवलेला माणूस उभा होता, तरी पावणेपाच वर्षं लागली. वडिलांची गिरणी त्याच परळात होती. त्यांच्या बाजूनं बोलायला कोण होतं?

सोमवारची छाती

लहानपणी आमच्या घरात एक वाक्य नेहमीचं होतं : "सोमवार आहे, त्यांना बोलू नका." रविवारची सुट्टी संपून वडील सोमवारी कामावर गेले की संध्याकाळी छाती आवळलेली असे. मंगळवारी जरा बरं, बुधवारी त्याहून बरं. आई म्हणे, सुट्टीत जेवण जड होतं. आम्हीही तेच समजायचो.

कापसाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं ही त्याची खूण. १८३१ साली मँचेस्टरमध्ये जे. पी. के या डॉक्टरांनी सूतगिरण्यांतल्या कामगारांच्या छातीच्या दुखण्यावर लिहिलं. १९५० नंतरच्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी लँकेशायरच्या गिरण्यांत या सोमवारच्या त्रासाच्या पायऱ्या ठरवल्या. धूळ सर्वांत जास्त असते ती ब्लो रूम आणि कार्डिंग या खात्यांत, कारण तिथे कापूस फोडला आणि पिंजला जातो.

या रोगाची एक अडचण आहे, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचं मूळ तिथे आहे. दुखणं जुनं झालं की सोमवार-मंगळवार हा फरक राहत नाही. धाप रोजचीच होते. एक्स-रेवर खास असं काही उमटत नाही. बिडीनं झालेला जुना दमा आणि कापसानं झालेला, यांतला फरक यंत्र सांगू शकत नाही. तो फक्त रुग्णाची हकीकत सांगते : काय काम केलं, किती वर्षं, सुरुवातीला त्रास कुठल्या वारी व्हायचा. म्हणजे केस पेपरवरच्या 'व्यवसाय' आणि 'पूर्वेतिहास' या दोन ओळी हाच पुरावा असतो. त्या चुकल्या की रोगच बदलतो.

इटलीच्या बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला विचारायच्या नेहमीच्या प्रश्नांत आणखी एकाची भर घाला, असं त्यांचं सांगणं होतं : तुम्ही काम काय करता? तीनशे वर्षांनंतरही आपल्या केस पेपरवर ती जागा बहुधा कोरी असते.

मुंबईत हा प्रश्न विचारणारी माणसं होती. ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर या गटातले डॉ. व्ही. मुरलीधर, विजय कान्हेरे आणि त्यांचे सहकारी गिरणी कामगारांची हकीकत नीट विचारून लिहून घेत होते. मुंबईतल्या एका कापडगिरणीतल्या बिसिनोसिसवरचा त्यांचा लेख १९९५ साली 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया'मध्ये आला. कामगार राज्य विमा कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कापसाच्या धुळीचा हा रोग व्यवसायजन्य म्हणून नोंदलेला होता. तरी कामगारांच्या कागदांवर ब्राँकायटिस, दमा, नाहीतर क्षय असंच लिहिलं जाई. या मंडळींनी कित्येकांच्या कागदावरचं निदान बदलून घेतलं आणि भरपाईचे दावे लढवले.

वडिलांना बिसिनोसिसच होता असं मी म्हणणार नाही. मी डॉक्टर नाही. मी इतकंच म्हणतो की १९९४ साली ते शहाडला धापा टाकत होते, तेव्हा तासाभराच्या लोकलच्या अंतरावर त्यांचा प्रश्न समजणारी माणसं होती. आम्ही तिकडे गेलो नाही, कारण आम्हाला कारण सांगितलं गेलं होतं आणि ते कागदावर लिहिलेलं होतं.

कागद कुणाचा?

कागद पाहायलाच मिळाला नाही तर त्यातली चूक सापडणार कशी? हा हक्क आपल्याकडे फार जुना नाही. रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या खटल्यात १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना केस पेपर नाकारताना गोपनीयतेची सबब सांगता येणार नाही. २००२ च्या भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेत तो नियम झाला : भरती रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायची आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायची.

पण प्रत मिळणं वेगळं आणि दुरुस्ती होणं वेगळं. २०१६ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं संगणकीय आरोग्य नोंदींची मानकं प्रसिद्ध केली. त्यांत रुग्णाला चुका दुरुस्त करून घेण्याची मुभा आहे, पण डिस्चार्जपासून किंवा बाह्यरुग्ण म्हणून दाखवल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी केली तर. केलेल्या प्रत्येक बदलाची नोंदही ठेवायची आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती दुरुस्त आणि पूर्ण करून घेण्याचा हक्क आला. तो डिजिटल माहितीपुरता आहे आणि त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं आहे. खुंटीवरच्या पिशवीला तो लागू नाही.

या ३० दिवसांचं मोल मला स्वतःच्या दुखण्यात कळलं. वडिलांचे कागद लावून झाले त्याच वर्षाच्या अखेरीस माझी हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. एरवी डिस्चार्ज कार्ड मी फायलीत टाकून दिलं असतं. या वेळी घरी येताच ओळ न् ओळ वाचलं. 'मधुमेहाचा रुग्ण' असं छापलं होतं. मला मधुमेह नाही. ही ओळ तशीच विमा कंपनीकडे गेली असती, तर जुना आजार लपवला म्हणून दावा अडला असता. आणि पुढे कुणी डॉक्टरनं ती वाचून औषध दिलं असतं तर?

मी सगळ्या आंतररुग्ण कागदांची प्रत मागितली. भरतीच्या वेळी सिस्टरनी हातानं लिहिलेल्या कागदावर 'डीएम' आणि पुढे एक छोटी आडवी रेघ होती. ती रेघ उणे चिन्ह होती, म्हणजे मधुमेह नाही. टंकलेखन करणाऱ्यानं ती नुसती रेघ समजून गाळली.

अर्ज कसा लिहावा ते मला मोडी कागदांनी शिकवलं होतं. कुठला कागद, कुठली तारीख, कुठली ओळ, काय लिहिलं आहे, काय हवं, पुरावा काय, असं मुद्द्यांनी लिहिलं. सोबत रक्ततपासणीचा अहवाल जोडला. पोचेवर शिक्का घेतला. चूक पुसा असं म्हटलं नाही. चुकीवर एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर मजकूर लिहून सही आणि तारीख घाला, अशी मागणी केली. पांढरा रंग लावून खाडाखोड केलेला कागद न्यायालयात डॉक्टरच्याच अंगाशी येतो, त्यामुळे ही पद्धत दोघांच्याही सोयीची असते. डॉक्टरांनी त्याच दिवशी सही केली. पण संगणकातला मजकूर बदलायला आणखी दोन खेपा घालाव्या लागल्या. कारण कागद दुरुस्त झाला तरी यंत्र जुनीच ओळ छापत होतं. विमा कंपनीला दुरुस्त प्रत मी स्वतः नेऊन दिली. दुरुस्ती जिथे जिथे नक्कल गेली तिथे तिथे पोचवावी लागते, नाहीतर जुनी चूक दुसऱ्या दारानं परत येते.

समास

वडील घरीच गेले. पालिकेच्या खिडकीवर मृत्यूची माहिती भरताना माझ्या हातात जो नमुना आला, त्यात नाव-गाव-तारीख झाल्यावर खाली आणखी प्रश्न होते. मृताचा व्यवसाय काय? धूम्रपानाची सवय असल्यास किती वर्षं? तंबाखू, सुपारी, दारू? तेव्हा मला प्रश्नचिन्हाची गोष्ट माहीत नव्हती. तरी मी व्यवसायात 'गिरणी कामगार' आणि धूम्रपानापुढे 'नाही' असं लिहिलं. वडिलांविषयी या दोन्ही गोष्टी बरोबर लिहिलेला तो पहिला सरकारी कागद. पुढे कळलं की नमुन्याचा तो खालचा भाग आकडेवारीसाठी कापून वेगळा पाठवतात आणि त्यावर नाव नसतं. त्यामुळे खरी नोंद कुठल्या तरी बेरजेत आहे, पण ती माझ्या वडिलांची म्हणून कुणाला सापडणार नाही.

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा मी नंतर वाचला. त्याचं पंधरावं कलम मला कुठल्याही सुभाषिताइतकं आवडतं. नोंद चुकीची आहे असं सिद्ध झाल्यास निबंधकानं मूळ नोंदीत काहीही फेरफार न करता समासात दुरुस्ती लिहावी, सही करावी आणि तारीख घालावी, असं ते सांगतं. चूक झाली होती, हेही इतिहासाला कळलं पाहिजे. कुणी, कधी आणि कशाच्या आधारावर दुरुस्त केली, तेही.

वडिलांच्या एकोणीस कागदांपैकी एकाही कागदाची दुरुस्ती आता कायद्यानं होणार नाही. ज्या दवाखान्यांनी ते दिले त्यांच्याकडच्या मूळ प्रती केव्हाच गेल्या असतील. पण एक दुरुस्ती बाकी होती. वडील गेल्यानंतर एका रात्री आईनं मला हळूच विचारलं होतं, "इतके डॉक्टर सांगतात, तर गिरणीत ओढत असतील का रे?" पन्नास वर्षांच्या संसारावर एका प्रश्नचिन्हानं संशय घातला होता. तेव्हा मी नुसतं "नाही गं" म्हणालो होतो. माझ्याकडे पुरावा नव्हता.

कागद वाळल्यावर मी चारही नोंदी आईसमोर ओळीनं ठेवल्या आणि पहिल्यावरचं प्रश्नचिन्ह बोटानं दाखवलं. तिला इंग्रजी येत नाही, पण ते चिन्ह येतं. तिनं पुढचे तीन कागद पाहिले, त्यांवर ते शोधलं. मग म्हणाली, "यांनी विचारलंच नाही म्हणजे."

त्या संध्याकाळी मी पेन्सिल घेऊन १९९१ च्या कागदाच्या समासात लिहिलं : 'धूम्रपान कधीही नाही. कार्डिंग खाते, १९५८ ते १९८२. सोमवारी छाती आवळत असे.' खाली माझी सही, तारीख, आणि 'माहिती देणार' म्हणून आईचं नाव. मूळ अक्षराला हात लावला नाही. पिशवी परत त्याच खुंटीला आहे. भिंत मात्र रंगवून घेतली.